लेकी बोले, सुने लागे : एका मंत्र्यावर लिहिलेल्या हजार ओळींची गोष्ट

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे आपण शाळेत शिकतो. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांचं लग्न ठरलं, १६६१ च्या करारात मुंबईचं बेट आणि बंदर त्याला मिळालं, आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातलं. धडा इथे संपतो. त्या लग्नाचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही.

त्या जोडप्याला मूल झालं नाही. एवढ्याच गोष्टीवरून वीस वर्षांनी लंडनमध्ये यादवी पेटायची वेळ आली, आणि त्या धुमश्चक्रीत राजाच्या बाजूच्या एका कवीने विरोधी पुढाऱ्यावर हजाराहून थोड्या अधिक ओळींचं काव्य लिहिलं. कवी जॉन ड्रायडन. काव्य ‘ॲब्सलम अँड अकिटोफेल’, प्रसिद्धी १६८१ ची. ज्याच्यावर लिहिलं तो लॉर्ड शाफ्ट्सबरी. राजाचा माजी मंत्री, दरबारात मुरलेला मुत्सद्दी, आणि त्या वेळी राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात. काव्यात त्याचं नाव एकदाही येत नाही.

आजही दर दोन-चार महिन्यांनी बातमी येते : कुणीतरी एखाद्या नेत्यावर गाणं रचलं, गाण्यात नाव नाही, तरी तक्रार दाखल. मग चर्चा सुरू होते, ‘नावच घेतलं नाही तर बदनामी कशी?’ या प्रश्नाची गंमत कळायला साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे काव्य फार उपयोगी पडतं. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते नेमलेलं असतं आणि बहुतेकांना ते टिपांच्या जंगलात हरवलेलं भेटतं. मलाही तसंच भेटलं होतं. म्हणून टिपा बाजूला ठेवून सुरुवात करू.

आधी भांडण समजून घेऊ

कुठल्याही भाऊबंदकीसारखंच हे भांडण होतं : सातबारावर पुढचं नाव कोणाचं?

चार्ल्सला औरस मूल नव्हतं. अनौरस मुलं मात्र डझनभर होती आणि त्याने ती मान्यही केली होती. कायद्याने वारस ठरत होता त्याचा धाकटा भाऊ जेम्स. अडचण अशी की जेम्स कॅथलिक झाला होता आणि देश प्रोटेस्टंट. शेजारी फ्रान्सचा चौदावा लुई कॅथलिक आणि निरंकुश. तसंच राज्य आपल्याकडे येणार, अशी लोकांना धास्ती. त्यातच १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसाने ‘राजाला मारायचा कॅथलिकांचा कट आहे’ अशी आवई उठवली. कट निव्वळ बनावट होता. माणसं मात्र खरीखुरी फासावर गेली.

या वातावरणाचा फायदा शाफ्ट्सबरीने उचलला. जेम्सला वारसाहक्कातून वगळणारा कायदा करा, ही त्याच्या पक्षाची मागणी. मग गादीवर कोण? अनेकांचं बोट राजाच्या थोरल्या अनौरस मुलाकडे, ड्यूक ऑफ मन्मथकडे, वळत होतं. देखणा, शूर, लोकांचा लाडका आणि मुख्य म्हणजे प्रोटेस्टंट. त्याच्या आईशी राजाचं गुपचूप लग्न लागलं होतं आणि त्याचा दाखला एका काळ्या पेटीत आहे, अशी अफवाही पिकली. असं काही झालेलं नाही, हे राजाला जाहीर करावं लागलं. याच काळात ‘व्हिग’ आणि ‘टोरी’ ही पक्षांची नावं रूढ झाली : शाफ्ट्सबरीच्या बाजूचे ते व्हिग, राजाच्या बाजूचे ते टोरी. दोन्ही मुळात शिव्या होत्या, हे जाता जाता.

नोव्हेंबर १६८० मध्ये ते विधेयक वरिष्ठ सभागृहात पडलं. मार्च १६८१ मध्ये राजाने संसद लंडनबाहेर ऑक्सफर्डला बोलावली आणि आठवड्याभरात बरखास्त केली. जुलैत शाफ्ट्सबरीला अटक करून टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं. २४ नोव्हेंबरला त्याचं प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे यायचं होतं. ग्रँड ज्युरी म्हणजे आरोपात खटला चालवण्याइतका दम आहे का, हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ. काव्य बाजारात आलं ते त्याच्या साधारण आठवडाभर आधी. ही वेळ लक्षात ठेवा.

लेक कोण, सून कोण

आपल्या सासवांना जे तंत्र उपजत येतं, त्याला साहित्यात रूपककथा म्हणतात. बोलायचं लेकीला, लागायचं सुनेला. ड्रायडनने बोलायला निवडली बायबलच्या जुन्या करारातली गोष्ट. मराठी बायबलमध्ये ही नावं दावीद, अबशालोम आणि अहीथोफेल अशी येतात. पुढे तीच वापरतो.

गोष्ट थोडक्यात अशी. दावीद राजाचा मुलगा अबशालोम रूपवान, केसांसाठी प्रसिद्ध. तो वेशीपाशी उभा राहून दाद मागायला आलेल्यांना गोंजारायचा, ‘मी न्यायाधीश असतो तर तुमचं काम झालं असतं’ म्हणायचा, आणि असं करत त्याने लोक फोडले. मग बापाविरुद्ध बंड केलं. दावीदाचा हुशार सल्लागार अहीथोफेल त्याला जाऊन मिळाला. पण ऐन वेळी त्याचा सल्ला मानला गेला नाही. तेव्हा तो घरी गेला, घराची निरवानिरव केली आणि गळफास घेतला.

आता जोड्या लावा. दावीद म्हणजे चार्ल्स. अबशालोम म्हणजे मन्मथ. अहीथोफेल म्हणजे शाफ्ट्सबरी. जेरुसलेम म्हणजे लंडन, इजिप्त म्हणजे फ्रान्स, खोटा साक्षीदार कोरह म्हणजे ओट्स. त्या काळच्या वाचकांनी आपापल्या प्रतींच्या समासात ही खरी नावं लिहून ठेवली होती. हे कोडं सोडवायला कठीण नव्हतंच. कठीण असतं तर ते फसलं असतं.

या निवडीमागची चलाखी बघा. इंग्लंडमधला प्रोटेस्टंट माणूस बायबल रोज वाचणारा. राजाविरुद्ध बोलणारे व्हिगही बायबलचेच दाखले देत. ड्रायडनने त्यांचंच शस्त्र उचललं. एकदा का शाफ्ट्सबरीला अहीथोफेल म्हटलं की पुढचं वाचकच बोलणार : तो कपटी सल्लागार ना? आणि त्याचा शेवट कसा झाला?

गळफासाने. आणि इथे माणूस राजद्रोहाच्या आरोपाखाली कोठडीत बसलेला.

काव्यात फासाचं दृश्य नाही. प्रस्तावनेत मात्र ड्रायडन साळसूदपणे सांगतो की अहीथोफेलबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही, सैतानाचाही अखेर उद्धार होईल अशी आशा बाळगणाऱ्यांपैकी मी. म्हणून या काव्यात त्याला घराची निरवानिरव करायला किंवा त्यानंतर स्वतःचं काय करायचं ते करायला लावलेलं नाही. ‘मी काही बोलत नाही हं’ असं म्हणत सगळं बोलून मोकळं होणारी ही तऱ्हा आपल्या ओळखीची आहे.

मग सरळ नाव घ्यायला काय हरकत होती?

‘राजाच्या बाजूने लिहायचं तर भीती कसली?’ असा प्रश्न इथे पडतो. भीती दोन्हीकडून होती. मानकऱ्यांची बदनामी हा तिथल्या कायद्यात वेगळा गुन्हा होता, आणि कायद्याबाहेरचीही वाट होती. डिसेंबर १६७९ मध्ये ड्रायडन रात्री घरी परतत असताना लंडनच्या रोझ ॲली नावाच्या बोळात तीन गुंडांनी त्याला बेदम मारलं. पकडून देणाऱ्याला पन्नास पौंडांचं बक्षीस जाहीर झालं, पण पाठवणारा कोण ते सिद्ध झालं नाही. बड्या लोकांवरचं एक उपहासकाव्य त्याच्या नावावर फिरत होतं, त्याचा हा प्रसाद, असं मानलं जातं. ते काव्य बहुधा त्याचं नव्हतंच.

पलीकडच्या बाजूचं उदाहरण याहून भयंकर. स्टीफन कॉलेज नावाचा एक सुतार व्हिगांचा कट्टर कार्यकर्ता होता. राजा पाठीवर खेळाची पेटी घेऊन संसदेला गावोगाव फिरवणारा खेळवाला आहे, अशा अर्थाचं चित्र आणि पद्य त्याने केल्याचा आरोप झाला. लंडनच्या ग्रँड ज्युरीने त्याला सोडलं, तर सरकारने प्रकरण ऑक्सफर्डला नेलं आणि ३१ ऑगस्ट १६८१ रोजी त्याला फाशी दिलं. इतर आरोपही होते, पण ते पद्य पुराव्यात होतं.

म्हणजे ड्रायडनचं काव्य येण्याच्या जेमतेम अडीच महिने आधी, दुसऱ्या बाजूने असंच काही रचणारा माणूस फासावर लटकला होता. ड्रायडनचं कौतुक करताना मला ही तारीख विसरता येत नाही.

शत्रूची स्तुती कशासाठी?

आता मुद्द्याचं. शिव्या देणारी पद्यं त्या वेळी लंडनमध्ये ढिगाने छापली जात. ती कुणाला आठवत नाहीत. हे टिकलं, कारण ड्रायडन शाफ्ट्सबरीला मूर्ख म्हणत नाही. तो त्याला बुद्धिमान म्हणतो, धाडसी म्हणतो. शब्दचित्र साधारण असं आहे : तल्लख, निर्भय, पण अस्वस्थ, तत्त्वाला चिकटून नाही आणि जागेलाही नाही, सत्ता असली तरी नाखूश, गेली तर मानहानी सोसवत नाही.

हे हवेतलं नव्हतं. शाफ्ट्सबरी १६४० च्या दशकातल्या राजा विरुद्ध संसद या यादवी युद्धात आधी राजाकडून लढला, मग संसदेच्या बाजूला गेला, राजाविना चाललेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत सल्लागार मंडळात बसला, मग राजाला परत आणणाऱ्यांत सामील झाला, १६७२ मध्ये लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे न्यायासनावरही बसणारा बडा मंत्री, झाला, पुढच्याच वर्षी पद गेलं आणि विरोधकांचा म्होरक्या झाला. आपल्याकडे अशांना ‘आयाराम गयाराम’ म्हणून मोकळे होतात. ड्रायडन खोलात शिरतो. तो म्हणतो, हा वादळातला नावाडी आहे. लाटा उसळल्या की याला हुरूप येतो. पण समुद्र शांत असला की याला करमत नाही, आणि आपली करामत दाखवायला तो गलबत मुद्दाम वाळूच्या दांड्याजवळून नेतो. कोकणातल्या कुठल्याही खलाशाला विचारा, अशा तांडेलाबरोबर जाशील का? तांडेलाचं कसब नाकारलेलं नाही, उलट कसब हाच धोका ठरवलाय. यावर उत्तर द्यायचं तरी काय? ‘मी एवढा हुशार नाही’ असं म्हणायचं?

नावाड्याच्या जरा आधीच्या ओळी शरीरावर येतात. शाफ्ट्सबरी खुजा आणि आजारी होता. १६६८ मध्ये त्याच्या यकृतातली गाठ शस्त्रक्रियेने फोडून पोटात नळी बसवली होती. ते उपचार ज्याच्या देखरेखीखाली झाले तो पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला जॉन लॉक. त्या नळीवरून गावभर अचकटविचकट विनोद चालत. ड्रायडन तसं करत नाही. तो म्हणतो, आतला आत्माच इतका धगधगता की बाहेर पडायची वाट शोधता शोधता त्याने ते चिमुकलं शरीर झिजवून टाकलं. मग ती प्रसिद्ध ओळ, अलौकिक बुद्धी आणि वेड यांच्यामध्ये पातळ भिंत असते, या अर्थाची. ही टीका आहे आणि तरी यात एक दराराही आहे.

पण लगेच पुढे कवीची पातळी घसरते. शाफ्ट्सबरीच्या मुलाला तो बिनपिसांचा दोन पायांचा प्राणी, आकार नसलेला गोळा म्हणतो. त्या बिचाऱ्या आजारी मुलाने राजाविरुद्ध काही केलं नव्हतं. ‘तो काळच तसा होता’ हे समर्थन मला पुरेसं वाटत नाही, कारण थोड्याच ओळी आधी याच कवीने शरीरावर बोलायची सभ्य तऱ्हा दाखवली आहे.

दुसऱ्या आवृत्तीत त्याने काही ओळी वाढवल्या, त्या आणखी स्तुतीच्या. न्यायासनावर बसलेला शाफ्ट्सबरी स्वच्छ हाताचा होता, पारखी नजरेचा होता, गरिबाचं काम लवकर करायचा. म्हणजे मोजून दिलेलं श्रेय. वाण्याने तागडी नीट धरली की गिऱ्हाईक बाकीचा हिशेब डोळे मिटून मानतं, तसं एवढं खरं बोलणारा कवी पुढचंही खरंच बोलत असणार, असं वाचकाला वाटतं.

यमकाने काय साधतं?

या काव्याची जवळपास प्रत्येक ओळ दहा अक्षरांची (सिलॅबलची), आणि बहुतेक दोन-दोन ओळींचं यमक. उखाणा आठवा. पहिली ओळ आली की आपण दुसरीच्या शेवटाकडे कान लावून बसतो, आणि नाव आलं की हसू फुटतं. ड्रायडन तेच वापरतो. पहिल्या ओळीत माणसाला वर चढवतो, दुसरीत यमकाच्या ठोक्यावर खाली सोडतो.

याचा उत्तम नमुना शाफ्ट्सबरीवर नाही, ड्यूक ऑफ बकिंगहॅमवर आहे. हा राजाचा बालमित्र, एके काळचा मंत्री, दरबारातला रंगेल गडी. काव्यात त्याचं नाव झिम्री. त्याने दहा वर्षांपूर्वी एका नाटकात ड्रायडनची रेवडी उडवली होती, तेव्हा हिशेब बाकी होता. एका जोडओळीचा भाव मराठीत आणायचा तर :

मत ठाम, पण कायम चुकलेलं;
सारंच आरंभलेलं, काहीच न टिकलेलं.

आणि पुढे, चंद्राच्या एका फेरीत हा किमयागार, फिडलवादक, मुत्सद्दी आणि विदूषक होऊन जातो. क्रम पाहा. मुत्सद्दी कुणाच्या आणि कुणाच्या मध्ये बसवलाय! यात एकही शिवी नाही. नुसती यादी आहे.

पण हा तर सरकारी कवी! मग हा उपहास की प्रचार?

हा आक्षेप रास्त आहे. ड्रायडन १६६८ पासून राजकवी आणि १६७० पासून राजाचा इतिहासकार होता. हे काव्य खुद्द चार्ल्सच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं, असं पूर्वापार सांगतात. सत्तेवर टीका तो उपहास आणि सत्तेसाठी टीका ती भाटगिरी, अशी आपली सोपी वाटणी असते. तिच्यात हे काव्य बसत नाही.

प्रचार तर तो आहेच. पण सुरुवात पाहा. दावीदाने, म्हणजे चार्ल्सने, बायकांच्या बाबतीत केलेल्या उदारपणाने काव्य उघडतं. बहुपत्नीत्व पाप ठरण्यापूर्वीच्या त्या पवित्र काळात, जेव्हा पुरुषाला एकाच स्त्रीशी जखडण्याची दुष्ट चाल पडली नव्हती, तेव्हा राजाने आपली छबी देशभर मुक्तहस्ते वाटली, असा सूर आहे. राजा हसला असेल, राणी कॅथरीनला काय वाटलं असेल कोण जाणे. राजाच्या बाजूचा कवी पहिल्याच पानावर भांडणाचं मूळ राजाच्या शयनगृहात दाखवतो. फक्त भाटगिरी करायची असती तर याची गरज नव्हती. अबशालोमलाही तो जपतो. पोरगा चांगला, त्याला फूस लावणारा वाईट, अशी मांडणी, कारण राजाचा त्या मुलावर जीव होता आणि उद्या बापलेकांचं जमलं तर कवीला तोंड दाखवायचं होतं. प्रस्तावनेत तो म्हणतोही की मी गोष्ट रचणारा असतो तर शेवटी दोघांचा समेट केला असता, पण मी नुसता इतिहासकार.

वारसाहक्काच्या भांडणाचा त्याला तसा सरावही होता. १६७५ मध्ये, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी, त्याने लंडनच्या रंगभूमीवर ‘औरंगझेब’ नावाचं नाटक आणलं. मोगल गादीसाठीच्या भावाभावांच्या झगड्यावरचं, आणि त्यातला औरंगझेब सद्गुणी नायक! आपल्याकडच्या वाचकाला हे पचायला थोडा वेळ लागतो.

काही परिणाम झाला का?

ताबडतोबीचा म्हणाल तर उलटाच. २४ नोव्हेंबरला ग्रँड ज्युरीने खटला चालवायला नकार दिला. ज्युरीची माणसं निवडणारे लंडनचे शेरीफ व्हिग होते, त्यामुळे नवल नव्हतं. गावात होळ्या पेटल्या आणि शाफ्ट्सबरीच्या सुटकेचं पदक पाडलं गेलं. चिडून ड्रायडनने त्या पदकावरही १६८२ मध्ये वेगळं काव्य लिहिलं. पण पारडं फिरत होतं. शेरीफ बदलले, टोरी आले. शाफ्ट्सबरी हॉलंडला पळाला आणि जानेवारी १६८३ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये वारला.

काव्य मात्र तुफान खपलं. अठराव्या शतकातला गाजलेला समीक्षक आणि कोशकार सॅम्युएल जॉन्सन याचे वडील जुने पुस्तकविक्रेते. एका गाजलेल्या खटल्याचा वृत्तान्त सोडला तर असा खप पाहिला नाही, असं ते सांगत.

शाफ्ट्सबरीचा मुद्दा पुढे जिंकला, हे अनेकदा सुटून जातं. जेम्स १६८५ मध्ये गादीवर आला आणि १६८८ मध्ये पळाला. १६८९ च्या कायद्याने कॅथलिक माणसाला इंग्लंडच्या गादीवर बसायला बंदी झाली; ती आजही आहे. १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा, ज्यातल्या तत्त्वाने आपल्या संविधानाच्या कलम ३२ खाली कुणालाही बेकायदा कोठडीतून सोडवता येतं, तो शाफ्ट्सबरीच्याच पक्षाच्या रेट्याने झाला होता. ड्रायडन स्वतः कॅथलिक झाला आणि १६८९ मध्ये त्याचं राजकवीपद गेलं. राजकारणात हरलेल्या बाजूच्या या कवीने रंगवलेलं जिंकलेल्या माणसाचं चित्र तेवढं पाठ्यपुस्तकात उरलं.

आणि अबशालोमचं?

काव्याचा शेवट फुसका आहे, ही तक्रार जुनी आहे. दावीद एक भाषण करतो, ढगांचा गडगडाट होतो, संपलं. लढाई नाही, मृत्यू नाही. कारण उघड आहे, १६८१ मध्ये खरी गोष्टच संपली नव्हती.

ती १६८५ मध्ये संपली. बाप गेल्यावर मन्मथने काका जेम्सविरुद्ध बंड केलं, सेजमूरला हरला, पकडला गेला. १५ जुलैला टॉवर हिलवर त्याने जॅक केच या जल्लादाच्या हातावर सहा सोन्याची नाणी ठेवली आणि विनवलं की आधी लॉर्ड रसेल या व्हिग पुढाऱ्याची केलीस तशी माझी दुर्दशा करू नकोस. कुऱ्हाडीला धार नाही असं वाटतं, असंही तो म्हणाला. केचने घावामागून घाव घातले, मध्येच कुऱ्हाड टाकून दिली, आणि शेवटी सुरीने काम पुरं केलं.

आठ वर्षांनी, १६९३ मध्ये, ड्रायडनने उपहासकाव्यावर एक निबंध लिहिला. झिम्रीचं शब्दचित्र अख्ख्या काव्याच्या तोलाचं आहे, असं त्यात तो सांगतो, कारण ते रक्तबंबाळ करत नाही, आणि ज्याच्यावर लिहिलं त्यालाही राग मानता आला नाही. माणसाला खाटकासारखं तोडणं वेगळं, आणि शीर धडावेगळं होऊनही जागच्या जागी उभं राहील असा सफाईदार वार वेगळा, असं तिथे तो म्हणतो. आणि या सफाईसाठी, नुसतं लटकवणं कुणालाही जमेल पण गोड मरण द्यावं ते आमच्या ह्यांनीच, अशी नवऱ्याची तारीफ करणाऱ्या एका बाईचा दाखला देतो. ती बाई म्हणजे जॅक केचची बायको.